स्लायडिंग पॅनेल सॉ: काटकोन येईना, कड जळते, मायका उडतो. आधी कुठला बोल्ट सैल करू?

खटपट्या_रत्नागिरी

मंडळी, मदत हवी आहे. मिरजोळे एमआयडीसीत मॉड्युलर किचनचा छोटा कारखाना आहे. गणपतीनंतर एक सेकंडहँड स्लायडिंग पॅनेल सॉ घेतलं, म्हणजे सरकत्या गाडीवर बोर्ड ठेवून कापायचं मशीन. गाडी ३२०० मिमीची, मेन मोटर साडेसात एचपी, स्कोरिंगची (मेन ब्लेडच्या आधी खालून बारीक चर पाडणारं छोटं ब्लेड) एक एचपी, ब्लेड ३०० मिमी. विकणाऱ्याच्या गोडाऊनमध्ये कापून बघितलं तेव्हा झक्क चालत होतं. ट्रकने घाट उतरून आलं आणि दुखणी सुरू झाली.

एक, चार फुटाच्या कापाला काटकोनात जवळपास १ मिमीचा फरक. दोन, गाडीवरच्या तुकड्याच्या कडेवर गोल गोल रेघा उमटतात आणि एमडीएफ असेल तर कड तपकिरी होते, जळका वास येतो. तीन, खालच्या बाजूचा मायका उडतो, तोही एकाच कडेचा.

आमचे मिस्त्री रोज सकाळी आडव्या फेन्सचा (गाडीवर माल टेकवायच्या पट्टीचा) स्टॉप बोल्ट थोडा फिरवतात, संध्याकाळी परत तेच. कुठून सुरुवात करायची?

---

सुतारपक्षी

दादा, ब्लेड बदलून बघितलं का? बोथट ब्लेडनेच निम्मी दुखणी होतात. ब्लेड ठीक असेल तर फाइव्ह-कट टेस्ट (पाच काप घेऊन काटकोन तपासणं) करा आणि फेन्स सेट करा. अर्ध्या दिवसाचं काम.

---

खटपट्या_रत्नागिरी

ब्लेड नवंच आहे, ९६ दाती, मायक्यासाठी असतं ते. दुसरंही लावून बघितलं, फरक नाही.

---

शिरोलीचे_आप्पा

थांबा. फेन्सला कुणीही हात लावू नका. मिस्त्रींना म्हणावं आठवडाभर तो बोल्ट विसरा.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. लाकूडकाम नंतरचं, पण मशीन ते मशीन. फेन्स ही सगळ्यात शेवटची गोष्ट. गोल रेघा आणि जळकी कड सांगते की ब्लेडचे मागचे दात माल घासतायत. म्हणजे गाडीची चाल आणि ब्लेड यांचं जमत नाही. तो घोळ ठेवून काटकोन लावाल तर उद्या परत तिथंच.

क्रम असा ठेवा. पहिलं, मशीनची बैठक. ट्रकमधून उतरलेल्या मशीनची चौकट कोब्यावर पिळते. चारही पाय खरोखर वजन घेतायत का बघा. एखाद्या पायाखालून कागद सरकत असेल तर तो पाय हवेत आहे. मग बिडाच्या टेबलावर दोन्ही दिशांनी पाणसळ लावा. सुताराची नको, कुणा फिटरकडून मशीनची चांगली पाणसळ मागून आणा.

दुसरं, स्पिंडल, म्हणजे ब्लेडचा दांडा. मेन स्विच बंद, प्लग काढून. ब्लेड उतरवा, फ्लँजची (ब्लेड आवळून धरणाऱ्या चकतीची) दोन्ही तोंडं फडक्याने पुसा आणि बोटाने चाचपा. फ्लँज साधारण १०० मिमी व्यासाचा. त्याच्या कडेवर ०.०२ मिमीचा कचरा अडकला तर ३०० च्या ब्लेडच्या टोकाला तोच ०.०६ होतो. स्पिंडल हाताने खालीवर, आतबाहेर हलवून बघा. खडखड लागली तर बेअरिंग आधी बदला, पुढचं वाचायची गरज नाही.

तिसरं, डायल. ब्लेडच्या पत्र्यावर, दातावर नव्हे, मार्करने एक ठिपका मारा. डायल गेज (काट्याने केसभर फरक दाखवणारं माप) गाडीवर बसवा, टोक ठिपक्यावर टेकवा. ठिपका पुढे, म्हणजे आपल्या बाजूला, असताना वाचन घ्या. मग ब्लेड हाताने फिरवून तोच ठिपका मागे न्या, गाडी ढकलून डायल तिथं न्या, पुन्हा वाचन घ्या. दोन्हीकडे तोच ठिपका असला की ब्लेड थोडं वाकडं असलं तरी हिशेबात येत नाही.

दोन्ही आकडे इथं टाका. आकडे आल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही.

---

खटपट्या_रत्नागिरी

आप्पा, बेअरिंग घट्ट आहे, फ्लँज पुसला. एक पाय खरंच हवेत होता, तो टेकवला. पण डायलचं घोडं अडलं. मॅग्नेट स्टँड गाडीवर चिकटतच नाही. गाडी ॲल्युमिनियमची!

---

सुतारपक्षी

हाहा, हे सगळ्यांचं होतं. गाडीच्या टी-स्लॉटमध्ये (खाचेत) बोल्ट घालून पोलादी पट्टीचा तुकडा आवळा, त्यावर मॅग्नेट. पट्टी नसेल तर सागाच्या ठोकळ्याला भोक पाडून डायल त्यातच अडकवा आणि ठोकळा गाडीला क्लॅम्प करा. ठोकळा जरा जरी डुलला तरी वाचन खोटं. बोटाने दाबून बघा, काटा परत त्याच आकड्यावर आला पाहिजे.

---

खटपट्या_रत्नागिरी

वाचन मिळालं. पुढे ०.०० केला. मागे काटा ०.१८ ने दाबला गेला. तीनदा बघितलं, काटा एखादी रेघ इकडेतिकडे, बाकी तेच. दोन ठिकाणांमधलं अंतर २८० मिमी.

---

शिरोलीचे_आप्पा

मिळाला चोर. काटा दाबला गेला म्हणजे मागे जाता जाता गाडी ब्लेडकडे सरकते. तुमचा माल पुढच्या दातांनी कापला जातो आणि मागच्या दातांवर जाऊन घासतो. रेघा त्याच्याच, जळणं त्याचंच. पाटीला, म्हणजे कापायच्या बोर्डाला, बाजूने धक्काही तिथंच बसतो.

असायला काय पाहिजे? मागे काटा ०.०५ ते ०.१० ने सुटला पाहिजे. म्हणजे माल मागच्या दातांपासून केसभर लांब जातो. तुम्ही ०.०८ धरा. आता आहे ०.१८ आत, पाहिजे ०.०८ बाहेर, एकूण दुरुस्ती ०.२६, ती २८० मिमीवर. गाडी ज्या लांब बीमवर पळते त्याचे चौकटीला धरणारे बोल्ट मोजा, टोकाचे दोन किती लांब आहेत ते.

---

खटपट्या_रत्नागिरी

बरोबर १४००.

---

शिरोलीचे_आप्पा

०.२६ गुणिले १४००, भागिले २८०. आले १.३ मिमी. बीमचं मागचं टोक ब्लेडपासून लांब, १.३ मिमी. पुढचं टोक आत ढकलूनही कोन तोच येईल, पण मग गाडी आणि बिडाचं टेबल यांच्यातली फट आवळते. पुढचा बोल्ट नुसता सैल करून तो खुंटा धरायचा, मागचं टोक हलवायचं.

हलवण्याआधी मागच्या टोकाला चौकटीवर दुसरा डायल लावा. चौकट बिडाची किंवा लोखंडी आहे, तिथं मॅग्नेट धरेल. हातोडा नको. बहुतेक मशीनला ढकलायचे स्क्रू असतात. नसतील तर लाकडी पाचर. बोल्ट आवळताना बीम पुन्हा हलतो, म्हणून एकआड एक, थोडं थोडं आवळा आणि शेवटी ब्लेडचं वाचन परत घ्या.

हे होतंय तोवर गाडीची उंचीही बघा. लांब सरळ पट्टी गाडीवर ठेवून ती टेबलावर न्या. गाडी टेबलापेक्षा ०.२ मिमीच्या आसपास वर असावी. खाली असेल तर पाटी बिडावर घासत जाते आणि फेन्सवरून सुटते.

---

सुतारपक्षी

आप्पा, एक शंका. बीम फिरवला की काटकोन बिघडणार. मग आधी फेन्स लावली काय, नंतर लावली काय, दोनदा काम आलंच ना?

---

शिरोलीचे_आप्पा

नाही बिघडत. आडवी फेन्स बसलीय गाडीवर. बीम फिरला की गाडी फिरते आणि तिच्यासोबत फेन्सही. काटकोन असतो गाडीची चाल आणि फेन्स यांच्यातला, ब्लेडचा त्यात संबंध नाही. ब्लेड थोडं तिरकं असलं तरी काप गाडीच्या चालीनेच जातो, फक्त रुंद आणि घाण होतो.

मग आधी बीम का? कारण मागचे दात पाटीला ढकलत असताना तुम्ही फाइव्ह-कट केली तर पट्टीचं माप खोटं येतं. आणि खोट्या मापावर फेन्स लावली की मिस्त्रींचं सकाळ-संध्याकाळ चालू.

बिघडते ती रिप फेन्स, ब्लेडला समांतर असलेली टेबलावरची. तिला ब्लेडशी देणंघेणं आहे. ती नंतर वेगळी लावायची, मागच्या बाजूला पुन्हा तेवढीच, ०.०५ ते ०.१ उघडी.

---

सुतारपक्षी

हे डोक्यात आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

नाशिकची_लाकूडवाली

आप्पांनी पाया घातला, आता फाइव्ह-कट मी सांगते, कारण आमच्याकडे दर महिन्याला होते.

१८ मिमी एमडीएफचा तुकडा घ्या, बाजू साधारण ८०० मिमी. प्लाय नको, त्याचा काठ कुरतडतो आणि व्हर्नियर फसतो. पहिली बाजू कापा. कापलेली बाजू फेन्सला लावा, दुसरी कापा. असं फिरवत चारही बाजू. पाचव्यांदा पुन्हा पहिल्याच बाजूवरून इंचभर रुंदीची पट्टी काढा. पट्टीची दोन टोकं व्हर्नियरने मोजा आणि कुठलं टोक फेन्सकडचं होतं ते आधीच पेन्सिलीने लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. दोन टोकांतला फरक भागिले ४, तेवढी चूक पट्टीच्या लांबीवर.

चार काप कशाला, तर चूक चौपट होऊन दिसते. गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) जे दिसणार नाही ते व्हर्नियरवर ठळक दिसतं. आणि गुण्या तरी खरा कशावरून? आमच्या कारखान्यातले दोन गुण्ये एकमेकांशी जमत नाहीत.

---

खटपट्या_रत्नागिरी

अपडेट. बीम हलवला. बोल्ट आवळल्यावर पहिल्यांदा वाचन बदललं, आप्पा म्हणाले तसंच. आता मागे काटा ०.०७ सुटतो. काप बघून मिस्त्री गप्पच झाले. रेघा गेल्या, कड पांढरी.

मग ताईंची टेस्ट. फेन्सकडचं टोक २७.१४, दुसरं २४.५०. फरक २.६४.

---

नाशिकची_लाकूडवाली

भागिले ४ म्हणजे ०.६६, ८०० मिमीवर. चार फुटावर, १२२० ला, १ मिमी. पहिल्या पोस्टमध्ये सांगितलंत तेच की!

आता फेन्सचा खुंटा आणि स्टॉप बोल्ट यांच्यातलं अंतर सांगा.

---

खटपट्या_रत्नागिरी

९००.

---

नाशिकची_लाकूडवाली

०.६६ गुणिले ९००, भागिले ८००. ०.७४. फीलर गेजच्या (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या जुडग्यातल्या) ०.७० आणि ०.०५ च्या पात्या एकत्र करा. स्टॉपला फेन्स टेकलेली असताना शेजारी एक ठोकळा क्लॅम्प करा, मग स्टॉप सोडून त्या पात्यांच्या जाडीएवढंच सरकवा. दिशेचा विचार करत बसू नका. एकदा सरकवा, परत टेस्ट. फरक वाढला तर उलटीकडे दुप्पट.

शेवटी मोठ्या पाटीवर कर्ण मोजून खात्री करा. आठ बाय चारचा कर्ण २७२८ मिमी येतो. चार फुटात १ मिमी काटकोन चुकला असेल तर दोन कर्णांत १.८ मिमीचा फरक पडतो. टेपने एवढं सहज दिसतं.

---

खटपट्या_रत्नागिरी

पहिल्यांदा उलटीकडेच गेलो. 😀 दुसऱ्यांदा फरक ०.२० वर आला, म्हणजे ८०० ला ०.०५. इथे थांबू?

---

नाशिकची_लाकूडवाली

थांबा. स्वयंपाकघराच्या कपाटाला पुष्कळ झालं. त्यापुढे पाटीच्या काठावरची धूळच तेवढी जाड असते.

---

खटपट्या_रत्नागिरी

राहिला मायका. खालून उजव्या तुकड्याची कड उडते, डावी स्वच्छ. स्कोरिंग चालू असतानाच.

---

नाशिकची_लाकूडवाली

एका बाजूला उडतं म्हणजे स्कोरिंग बाजूला सरकलंय. दोन्हीकडे उडालं असतं तर म्हटलं असतं बोथट आहे किंवा अरुंद आहे.

डोळ्याने बघायचं असेल तर टाकाऊ मायक्याच्या पाटीत अर्ध्यापर्यंत काप घ्या आणि गाडी थांबवा. दोन्ही मोटरी बंद. ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत पाटी हलवायची नाही. मग पाटी उलटी करा. जिथं मेन ब्लेड पोचलं नाही तिथं स्कोरिंगची नुसती चर दिसेल आणि तिच्यामागे मेनचा काप. भिंग लावून बघा. चर दोन्ही बाजूंना कापापेक्षा केसभर रुंद हवी, साधारण ०.०५ मिमी. तुमच्याकडे डावीकडे पायरी जास्त आणि उजवीकडे काहीच नसणार. स्कोरिंगचा आडवा स्क्रू उजवीकडे, थोडासाच.

खोली दीड-दोन मिमी पुरे. ब्लेड कोनाकृती असेल तर वर केलं की चर रुंद होते, तिथं खोलीनेच रुंदी जुळवायची. दोन पात्यांचं असेल तर मधल्या चकत्यांनी. आणि मेन ब्लेडला धार लावून आणलं की त्याचा काप किंचित अरुंद होतो, म्हणून धारेनंतर स्कोरिंग दर वेळी बघायचं. आमच्याकडे धारवाल्याचं बिल आणि स्कोरिंगची तपासणी एकाच रजिस्टरमध्ये लिहितात, नाहीतर विसरतं.

---

संत्रानगरी_वूड

सगळं वाचलं, भारी चाललंय. माझं म्हणणं देखभालीवर. गाडीच्या रुळांना ग्रीस लावत जा, पहिल्या दिवसासारखी पळते.

---

शिरोलीचे_आप्पा

भाऊ, असलं सांगू नका. ग्रीस आणि एमडीएफचा भुगा मिळून रुळावर लापशी होते. रोलर त्यावरून चढतो आणि गाडी जागोजागी उचलते. रूळ कोरडे ठेवायचे. आधीचं ग्रीस असेल तर रॉकेल लावलेल्या फडक्याने काढा, कोरडं पुसा. रोलरच्या पुढे नमद्याचे तुकडे असतात, ते झिजले असतील तर बदला. तेल लागतं ते ब्लेड वरखाली करायच्या स्क्रूला आणि तिरकं करायच्या कमानीला, तेही पुसट.

---

संत्रानगरी_वूड

आमच्याकडे कोरडी हवा आहे आप्पा, कोकणात गंज येईल ना बिनग्रीसचं?

---

खटपट्या_रत्नागिरी

हा मुद्दा खरा आहे. इथे जूनमध्ये टेबलावर ओला हात ठेवला तर सकाळी पंजा उमटलेला असतो.

---

नाशिकची_लाकूडवाली

टेबलाला मेण. फरशीचं मेण पॉलिश मिळतं ते, पातळ लावायचं, वाळलं की फडक्याने चोळायचं. सिलिकॉनचा स्प्रे मात्र मशीनच्या आसपासही नको. तो मालावर चढतो आणि पीयू पॉलिशला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. कशाने होतंय ते पॉलिशवाल्याला कळत नाही आणि तो थिनरला शिव्या देत बसतो.

रुळांवर गंजाचे ठिपके आले तर बारीक स्टील वूलने हलकेच, मग कोरडं. आणि पावसाळ्यात रात्री मशीनवर प्लास्टिक टाकू नका, खाली पाणी सुटतं. जुनी चादर टाका.

---

मिंडेनजवळचा_मराठी

मी जर्मनीत फर्निचर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. विल्हेल्म आल्टेनडॉर्फने १९०६ मध्ये बर्लिनमध्ये ही सरकत्या गाडीची कल्पना काढली, त्यांची कंपनी आता इथे जवळच मिंडेनला आहे, म्हणून आमच्याकडे या मशीनचा जरा जास्तच अभिमान!

अजून कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. खटपट्याजी, ब्लेडच्या मागची काप उघडा ठेवणारी पाचर, रायव्हिंग नाइफ, लावलेली आहे का? भारतात मी बघितलेल्या कित्येक मशीनवर ती कपाटात असते.

---

खटपट्या_रत्नागिरी

...ड्रॉवरमध्ये आहे. मिस्त्री म्हणतात मध्ये येते.

---

मिंडेनजवळचा_मराठी

आजच लावा. मागचे दात वर येत असतात आणि माल ब्लेडवर मिटला की ते तो उचलून तुमच्याकडे फेकतात. ३०० च्या ब्लेडचं टोक ४००० फेऱ्यांना सेकंदाला ६३ मीटर वेगाने जातं. पाचर ब्लेडपासून ३ ते ८ मिमीवर हवी, ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापापेक्षा पातळ. कापाची रुंदी ३.२ आणि पत्रा २.२ असेल तर २.५ ते २.८ ची चालते. मध्ये येत असेल तर ती सरळ रेषेत नाही. ब्लेडच्या बाजूने लांब पट्टी लावून बघा.

अजून एक, भरीव लाकूड रिप फेन्सवर फाडताना फेन्सची पट्टी स्वतःकडे ओढा. तिचं पलीकडचं टोक ब्लेडच्या मध्याच्या आसपास संपलं पाहिजे. लाकूड फाकलं तर त्याला जागा मिळते. सागाला, शिसवीला ताण असतो. पाटीला याची गरज नाही.

---

सुतारपक्षी

फेजचंही सांगून ठेवतो. आमच्या गल्लीत लाईनमन खांबावर काम करून गेला, फेजची अदलाबदल झाली आणि सगळ्यांच्या मोटरी उलट्या फिरायला लागल्या. ब्लेडचा नट फिरण्याच्या दिशेनुसार आवळत जाणारा असतो, उलटं फिरलं तर सैल व्हायला बघतो. लाईनचं काम झालं की ब्लेड उतरवून स्विच क्षणभर दाबायचा, स्पिंडलची दिशा बघायची. स्कोरिंग मेनच्या उलटच फिरतं, त्यामुळे ते बघून घाबरू नका.

---

खटपट्या_रत्नागिरी

पाचर लावली. खरंच एका बाजूला वाकलेली होती, तिच्या मागची चकती बदलून सरळ केली. स्कोरिंगचा स्क्रू पाव फेरा उजवीकडे, मायका दोन्हीकडे स्वच्छ.

शेवटचं एक. आठ फुटी एमडीएफच्या दोन पट्ट्या कापून कापलेल्या कडा एकमेकींना लावल्या. मध्ये उजेड दिसतो, फीलर ०.४० जातो. टोकं टेकतात. बीमचा मधला बोल्ट हलवू का?

---

शिरोलीचे_आप्पा

दोन कडा मिळून ०.४०, म्हणजे एकीला ०.२०, तेही आठ फुटात. एजबँडिंगचा (कडेला पट्टी चिकटवायचा) गोंद एवढं खाऊन टाकतो. उलट मध्ये फुगली असती तर टोकं उघडी पडली असती, ते वाईट. मधल्या बोल्टाला हात लावू नका. लावलात तर ब्लेडचं वाचन, उंची, सगळं पुन्हा पहिल्यापासून. मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा ब्लेडचं वाचन घ्या, तेवढं बास.

---

खटपट्या_रत्नागिरी

बरं आप्पा. सगळ्या आवळलेल्या बोल्टांवर लाल पेंट मार्करने रेघ मारलीय, बोल्टावरून चौकटीवर जाणारी. मिस्त्रींना सांगितलंय, रेघ तुटलेली दिसली तर पाना घ्यायच्या आधी डायल घ्यायचा. आणि ताई, तो व्हर्नियर कुठला वापरता ते व्यनि (खासगी निरोप) कराल का? आमचा बॅटरी संपली की ०.३ जास्त दाखवतो.

---

नाशिकची_लाकूडवाली

करते. तोवर काट्याचा साधा वापरा, त्याला सेल लागत नाही.